वंगण मेलं की मळ होतो

पडवीत वीसेक वर्षं उभी असलेली येझदी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढली. रिमा, आरे, सायलेन्सर, जे जे उघडं होतं ते गंजून तांबूस झालेलं. जावा-येझदीच्या मागच्या चेनीवर पत्र्याचं पूर्ण बंद कव्हर असतं. ते उघडलं तर आत चेन दिसेचना. तिच्या जागी वाळू कालवलेल्या काळ्या कणकेचा जाड दोर होता. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक खपली उडवली आणि खालची पट्टी चमकली. कालच कारखान्यातून आल्यासारखी.

म्हणजे जिथे हात लावायची किळस यावी तिथे पोलाद नवंकोरं, आणि जे वर्षानुवर्षं ‘स्वच्छ’ होतं ते सडलेलं. मग ही घाण काढायचीच कशाला?

चेन सोडवून हातात घेतली तेव्हा दुसरं कोडं समोर आलं. आडवी धरल्यावर ती धनुष्यासारखी बाजूला वाकली. चांगली चेन अशी वाकत नाही. पट्ट्या नव्या, पण सांधे खिळखिळे. एकाच मळाने पट्ट्या राखल्या आणि सांधे खाल्ले होते. हे कसं झालं ते समजलं की जुन्या गाडीची चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग आणि गिअर घरी कसे साफ करायचे, तेही आपोआप समजतं.

ग्रीस म्हणजे पाकातला गुलाबजाम

ग्रीस हे घट्ट झालेलं तेल, असा आपला समज असतो. खरं तर त्यात दोन वेगळे पदार्थ असतात. बहुतांश भाग साधं पातळ तेल, आणि ते धरून ठेवणारा साबण. अंगाला लावायचा साबण सोडियमचा असतो, ग्रीसमधला बहुधा लिथियमचा. हा साबण तेलात बारीक तंतूंचं जाळं विणतो आणि त्या जाळ्यात तेल अडकून बसतं. पाकातला गुलाबजाम दाबला की पाक सुटतो, बोट काढलं की थोडा परत शोषला जातो. फिरत्या गोळ्यांखाली ग्रीस असंच वागतं. दाब आला की तेल सोडतं, दाब गेला की धरून ठेवतं. घर्षण कमी करतं ते तेल. साबणाचं काम तेल जागच्या जागी ठेवण्याचं.

या लिथियम साबणासाठी लागणारं स्निग्धाम्ल एरंडेलापासून तयार करतात. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून एरंडेल घालणाऱ्या माणसाला आजचं ग्रीस अगदीच परकं वाटलं नसतं.

आता हा गुलाबजाम वीस वर्षं उघड्यावर ठेवा. तेल हळूहळू झिरपून जातं. उरलेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट आणि आंबूस होतं. जाळं कोरडं पडतं. वरून रस्त्याची धूळ येऊन चिकटते. या धुळीत बारीक वाळू असते, म्हणजे क्वार्ट्झ. खनिजांच्या कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर क्वार्ट्झचा क्रमांक ७, तर साध्या चाकूच्या पात्याचा साधारण साडेपाच. तेलात कालवलेली कठीण भुकटी म्हणजे गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्टच.

कोडं इथे सुटतं. चेनीच्या पट्ट्या एकमेकींवर फारशा घासत नाहीत. तिथे या लगद्याने पाणी आणि हवा अडवली, म्हणून गंज चढला नाही. पिन मात्र बुशमध्ये प्रत्येक फेऱ्याला वळते. गाडी धावत होती तोवर तिथे तोच लगदा कानस होऊन फिरत राहिला. जागा हलती की स्थिर, एवढ्यावर त्याचं वागणं ठरलं.

तीन मळ, तीन औषधं

घरी साफसफाई करताना हमखास होणारी चूक म्हणजे सगळ्या काळ्या थराला एकच मळ समजणं. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींचा उतारा वेगळा. तिन्ही उतारे आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून वापरात आहेत.

पहिला मळ मऊ, ग्रीसचा. कोकणात फणस चिरण्याआधी हाताला खोबरेल चोपडतात. चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो, कारण सारखं सारख्यात विरघळतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. तेलकट रेणूंना ते आपल्यात शिरू देत नाहीत. रॉकेल मात्र तेलाचंच भावंड. दोघंही कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचे बनलेले, रॉकेलच्या साखळ्या आखूड एवढाच फरक. त्या ग्रीसच्या लांब साखळ्यांत सहज शिरतात आणि लगदा पातळ होतो. वाळू विरघळत नाही. तिला धरून ठेवणारं तेल गेल्यामुळे ती खाली बसते.

दुसरा मळ भाजलेला. इंजिनाजवळच्या गरम भागांवर तपकिरी, वार्निशसारखा कडक थर असतो. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला तरी तो हलत नाही. बिडाचा तवा तेल लावून तापवत राहिलं की त्यावर काळं, न चिकटणारं कवच तयार होतं, ही तीच गोष्ट. उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचं एकसंध जाळं होतं. सुटे रेणूच उरले नाहीत तर रॉकेल विरघळवणार काय? इथे क्षार लागतो. चुलीच्या राखेने तेलकट भांडी निघायची ती राखेतल्या क्षारामुळेच. तो जुन्या तेलाचे बंध तोडतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडी भांड्यांची पावडर, तासभर भिजवण, मग घासणी. एवढ्याने हा थर बऱ्यापैकी मऊ पडतो.

तिसरा मळ गंज. हा बाहेरून चिकटलेला नाही, ते लोखंडच बदललेलं आहे. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी मिळून तो होतो, आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून फुगतो, पापुद्रे सुटतात आणि खाली नवं लोखंड उघडं पडतं. याच्यावर रॉकेल चालत नाही, सोडाही नाही. तांब्याची घागर चिंचेने उजळते तशी इथे आंबट वस्तू हवी. आम्ल धातूच्या ऑक्साइडला विरघळवतं. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घातलं की घरगुती उतारा तयार. मात्र आधी तेल पूर्ण गेलेलं हवं. तेलाच्या पापुद्र्याखाली आम्ल पोचतच नाही.

क्रम यातूनच ठरतो. आधी रॉकेल, मग साबण-सोडा, आणि लागलंच तर शेवटी आम्ल.

पेट्रोल का नको

“पेट्रोलने झटक्यात निघतं,” असं गल्लीतला कुणीतरी सांगतोच. निघतं हे खरं. पण द्रव स्वतः जळत नसतो, त्याची वाफ जळते. ठिणगीने पेटावी इतकी वाफ ज्या तापमानाला सुटते, त्याला प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस. म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही उघडी बादली पेटायला तयार असते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गॅसच्या शेगडीपर्यंत पोचते.

रॉकेलचा प्रज्वलनांक साधारण ३५ ते ४० अंशांच्या पुढे, डिझेलचा बहुधा त्याच्याही वर. म्हणून ती तुलनेने सुरक्षित. तुलनेने एवढ्यासाठी, की नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे भर दुपारी उन्हात ठेवलेली रॉकेलची परातही निर्धोक नाही. काम सावलीत, मोकळ्या हवेत करावं. हा द्रव चुलीवर किंवा गॅसवर कधीही गरम करू नये.

रॉकेल आता पूर्वीसारखं सहज मिळत नाही, म्हणून बरेच जण डिझेल वापरतात. चालतं. ते सावकाश सुकतं आणि मागे तेलकट पापुद्रा ठेवतं, त्यामुळे नंतरची साबणाची धुलाई टाळता येत नाही. दोन्हींसाठी हातमोजे हवेतच. जुन्या इंजिन ऑइलमधले काही घटक कर्करोगकारक असतात, आणि रॉकेल कातडीतलं नैसर्गिक तेल काढून घेतं.

प्रत्यक्ष काम

उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. कुठला वॉशर कुठल्या बाजूला होता, हे दोन दिवसांनी आठवत नाही. सुटे झालेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने जुन्या ताटात मांडा. चेन लॉकची माशाच्या आकाराची क्लिप नीट पाहून ठेवा. तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला असतं. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघू शकते.

आता खरवड. जाड मळ थेट रॉकेलमध्ये बुडवू नका. भांड्यातलं खरकटं काढल्याशिवाय आपण घासायला घेत नाही, तसंच हे. आइस्क्रीमची काडी किंवा बांबूची चीप पुरते. पोलादाचं पातं ॲल्युमिनियमवर कायमचे ओरखडे उठवतं. पाऊण मळ या पायरीवरच वर्तमानपत्रात गोळा होतो आणि रॉकेल वाचतं.

मग दोन परातींची धुलाई. कपडे आपण एका पाण्यात धुऊन दुसऱ्यात खळबळतो. इथेही पहिली परात घाणीची, दुसरी स्वच्छ रॉकेलची. पहिल्या परातीत तासभर भिजवा, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. चेनीचा प्रत्येक सांधा द्रवात बुडवून हाताने वाकवत राहा. ब्रश पिन आणि बुशच्या मधे पोचत नाही. ती फट चेन वाकवल्यावरच आतला लगदा सोडते. दुसऱ्या परातीतलं रॉकेल काळं व्हायचं थांबलं की धुलाई संपली.

घाणेरडं रॉकेल फेकू नका. झाकणाच्या बाटलीत रात्रभर ठेवा. वाळू आणि काजळी तळाशी बसते, वरचं निवळ अलगद ओतून घेतलं की पुढच्या पहिल्या धुलाईला चालतं.

शेवटी गरम पाणी आणि भांड्यांची पावडर. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे रॉकेलचा उरलेला पापुद्रा पाण्याबरोबर निघून जातो. पाणी गरम असण्याचा आणखी एक फायदा असा, की धातू तापतो आणि बाहेर काढल्यावर फटींतलं पाणी स्वतःच सुकवतो.

कुठे हात आखडता घ्यावा

ॲल्युमिनियम: इंजिन आणि गिअरबॉक्सची कव्हरं बहुधा ॲल्युमिनियमची असतात. नळ साफ करायचा कॉस्टिक सोडा त्यांना अक्षरशः खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. गरम धुण्याचा सोडाही त्यांना काळवंडवतो. त्यांच्यासाठी रॉकेल आणि साधा साबण पुरे.

चेन, स्प्रिंगा आणि बेअरिंगा: यांना आम्लात बुडवू नये. आम्लाची धातूशी क्रिया होताना सुटणारा हायड्रोजन कडक केलेल्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. वरून काही दिसत नाही. पट्टी तुटते ती रस्त्यावर, जोर आल्यावर. लिंबूफूल स्टँड, नटबोल्ट, ब्रॅकेट अशा साध्या भागांसाठी ठेवावं. दर अर्ध्या तासाने बघावं. गंज गेला की लगेच काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावं, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं.

ओ-रिंगची चेन: नव्या गाड्यांच्या चेनीत पट्ट्यांच्या मधे रबराच्या बारीक कड्या असतात. सांध्यातलं ग्रीस त्या आत कोंडून ठेवतात. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या कड्या खराब करतात, आणि एकदा आतलं ग्रीस गेलं की बाहेरून परत भरता येत नाही. तिच्यावर रॉकेलचा बोळा आणि मऊ ब्रश, एवढंच.

ब्रेकचे लायनर: मागचं स्प्रॉकेट काढताना ब्रेक ड्रम उघडा पडतो. तिथली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. ओल्या फडक्याने टिपून घ्या. ग्रीसचा हात लायनरला लागू देऊ नका. तेल प्यायलेला लायनर ब्रेक धरत नाही.

बेअरिंग: धुतल्यावर कोरडं बेअरिंग हवेच्या झोताने गरगरा फिरवण्याचा मोह होतो. आवाजही मजेदार येतो. पण त्या वेळी गोळ्यांमध्ये तेलाचा थेंब नसतो, आणि त्या काही सेकंदांत पृष्ठभागावर कायमचे ओरखडे उमटतात.

स्वच्छ भाग काय सांगतो

मळ निघाल्यावर भाग वाचता येतो. चेन ‘लांबली’ असं आपण म्हणतो, पण पोलाद ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि बुश केसभर झिजतात आणि शंभरेक सांध्यांची झीज मिळून बोटभर होते. ती मोजता येते. जिच्या लगतच्या दोन पिनांत १२.७ मिलिमीटर अंतर असतं, अशा चेनीचे २० टप्पे नवेपणी २५४ मिलिमीटर भरतात. चेन ताणून धरून मोजल्यावर ते २५९ च्या पुढे गेले, म्हणजे झीज दोन टक्क्यांवर गेली. अशी चेन बदलावीच. स्प्रॉकेटचे दाते दोन्हीकडून सारखे हवेत. एका बाजूला कललेले, लाटेसारखे झाले असतील तर त्यावर नवी चेन चढवू नये. जुना दाता नवी चेन लवकर खातो, म्हणून चेनसेट एकत्र बदलतात.

बेअरिंगमध्ये बारीक खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर ते भंगारात जावं. निळी झाक म्हणजे पोलाद तापून त्याचा कडकपणा गेल्याची खूण. गिअरच्या दात्यांवर एकसारखी गुळगुळीत चकाकी ही नैसर्गिक झीज. तुटलेली कड किंवा खवल्यांसारखे उडालेले तुकडे दिसले तर मेस्त्रीला दाखवावं.

काम इथे संपत नाही

धुऊन वाळवलेली चकचकीत वस्तू बाकावर ठेवून आपण चहाला जातो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत परत येईपर्यंत तिच्यावर नारिंगी छटा आलेली असू शकते. आपण गंजापासून राखणारा थर काढून टाकलाय आणि त्या जागी काहीच ठेवलेलं नाही. म्हणून सुकल्याबरोबर तेलाचा हात फिरवायचा.

इथे स्प्रेच्या डब्याबद्दल एक गैरसमज आहे. डब्ल्यूडी-४० हे नाव ‘पाणी हटवणे, ४० वा प्रयत्न’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलं. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते तयार झालं, ते क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंजापासून वाचवण्यासाठी. पाणी हटवायला आणि अडकलेला नट सोडवायला ते उत्तम आहे. पण त्यातला मोठा भाग उडून जाणारा द्रव असतो. मागे उरणारा पापुद्रा चेनीचं कायमचं वंगण म्हणून पुरत नाही.

साध्या चेनीला घट्टसर तेल आतल्या बाजूने, रोलर आणि पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडावं. गाडी थोडी फिरवून आल्यावर चेन कोमट असते, तेव्हा तेल आत चांगलं शिरतं. तासाभराने बाहेरचं तेल फडक्याने पुसून टाकावं. बाहेर दिसणारं तेल धूळ बोलावण्यापलीकडे काही करत नाही.

बेअरिंगला तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन एका बाजूने दाबत राहावं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. मात्र भोवतालची पोकळी ठासून भरू नये. तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त ग्रीस घुसळलं जातं, तापतं आणि पातळ होऊन वाहू लागतं.

थोडक्यात

• मऊ मळाला रॉकेल किंवा डिझेल, भाजलेल्या थराला गरम सोडा-साबण, गंजाला लिंबूफूल. क्रम हाच.
• पेट्रोल नको. काम सावलीत, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून.
• ॲल्युमिनियमला कॉस्टिक नको. चेन, स्प्रिंग आणि बेअरिंगला आम्ल नको.
• ब्रेकची धूळ ओल्या फडक्याने टिपा.
• धुतल्यावर मोजा, सुकल्याबरोबर तेल लावा.
• काळं तेल आणि तळाचा गाळ गटारात, मातीत किंवा विहिरीजवळ ओतू नका. बंद डब्यात साठवून, वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजकडे द्या.

येझदीच्या त्या चेनीचे २० टप्पे २६१ मिलिमीटर भरले. गाडीतली सर्वांत चकचकीत निघालेली वस्तू भंगारात गेली. बाहेरून गंजलेला मागचा आस मात्र घासून, तेल लावून पुन्हा बसवला, आणि आज तो बिनतक्रार चालतो आहे. तुम्हीही भाग साफ झाला की त्याच्या चमकेवर जाऊ नका, पट्टी लावून मोजा.